यकृताचे रक्षण : हिरवा चहा आणि कडू वनस्पती



मराठीतील ‘काळीज’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. आईचे काळीज तुटते, भित्र्याचे काळीज सशाचे असते, धीराच्या माणसाचे काळीज वाघाचे असते. आणि या सर्व ठिकाणी बोलणाऱ्याच्या मनात हृदय असते. परंतु या शब्दाचा जुना अर्थ हृदय नव्हे, यकृत असा आहे. संस्कृत कोशांत यकृताला ‘कालखंड’ म्हटले आहे. काळसर रंगाचा मांसखंड, असा त्याचा सरळ अर्थ. ज्याला लोक जिवाचे स्थान समजून काळीज म्हणतात तो अवयव वस्तुतः छातीच्या डाव्या बाजूस नसून उजव्या बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या कोपऱ्यात, निमूटपणे आपले काम करीत बसलेला असतो.

त्याचे काम थोडेथोडके नाही. प्रौढ माणसाच्या यकृताचे वजन सुमारे सव्वा ते दीड किलो भरते. त्यात येणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून निघालेल्या एका मोठ्या नीलेतून येते. याचा अर्थ असा की, माणसाने जे जे खाल्ले अथवा प्याले, मग ते अन्न असो, औषध असो, विष असो, त्यातील रक्तात शोषला गेलेला बहुतेक अंश उर्वरित शरीरात जाण्यापूर्वी यकृताच्या चौकीवर थांबतो. तेथे साखरेचा साठा होतो, रक्तातील प्रथिने घडविली जातात, पित्त तयार होते, आणि परक्या पदार्थांचे रूप बदलून त्यांना बाहेरची वाट दाखविली जाते. हे रूपांतर करताना कधी कधी मूळ पदार्थापेक्षा अधिक दाहक असा एखादा मधला पदार्थ निर्माण होतो. त्याला शमविण्यासाठी यकृताच्या पेशींपाशी ग्लुटाथिओन नावाचे एक द्रव्य असते. ते पुरेसे असेपर्यंत सर्व सुरळीत चालते. ते संपले की पहारेकरी स्वतःच घायाळ होतो. यकृतरक्षक म्हणून सांगितल्या जाणाऱ्या प्रत्येक वनस्पतीचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण ती वनस्पती स्वतःही त्याच चौकीतून जाणार असते.

आयुर्वेदाने यकृताला रक्ताशी जोडले. यकृत आणि प्लीहा ही रक्तवह स्रोतसांची मूलस्थाने होत, आणि रसाला रंग देणारे रंजक पित्त तेथे वास करते, अशी त्याची मांडणी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाच्या विवेचनातच कामला, म्हणजे आपली कावीळ, येते; आणि तिच्यावर तिक्त द्रव्यांनी मृदू विरेचन करावे, असा उपचार सांगितला आहे. कडू ते यकृताला हितकर, ही समजूत येथून निघून घराघरांत पोचली. कोकणात व गोव्यात ओल्या किराइताचा काढा पावसाळ्यात मुलांच्या नाकपुड्या दाबून पाजीत असत, त्याच्या मुळाशीही हीच समजूत होती. त्या काढ्याची चव ज्याने एकदा घेतली त्याला ‘तिक्त’ शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

आता प्रश्न असा की, या समजुतीत तथ्य किती? याचे उत्तर द्यावयाचे तर आधी काविळीच्या स्वभावाकडे पाहिले पाहिजे, कारण त्या स्वभावातच फसगतीचे बीज आहे.

डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या अवधीत दिल्ली शहरात काविळीची फार मोठी साथ आली. यमुनेच्या पुरानंतर प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी वजीराबाद येथील जलपुरवठ्याच्या मुखाशी येऊन मिळाले. सुमारे २९,००० लोकांना उघड कावीळ झाली. त्या वेळी त्या रोगाच्या विषाणूची ओळख पटलेली नव्हती. पुढे जतन करून ठेवलेल्या रक्तरसाच्या तपासणीवरून ती साथ आज ‘हिपॅटायटिस ई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोगाची होती, असे निश्चित झाले. गर्भवती स्त्रियांना हा रोग फार घातक ठरतो. परंतु एरवी सुदृढ असलेल्या बहुसंख्य रोग्यांची कावीळ काही आठवड्यांत आपोआप उतरते. पाण्यावाटे पसरणाऱ्या ‘अ’ प्रकारच्या काविळीचेही तसेच आहे. यकृताच्या अंगी नव्याने वाढण्याची जी विलक्षण शक्ती आहे तिचा हा प्रताप.

ज्या रोगात शंभरांपैकी नव्वदांहून अधिक रोगी काहीही न करता बरे होतात, त्या रोगावर जो कोणी जे काही देईल ते गुणकारीच ठरणार! खेड्यापाड्यांतून कावीळ उतरविणारे जाणकार असतात. कोणी वनस्पतीच्या ओल्या काड्यांची माळ रोग्याच्या डोक्यावर घालतो. दिवसेंदिवस ती लांबत जाऊन गळ्यात येते, पुढे बेंबीपर्यंत उतरते, आणि माळेबरोबर रोगही उतरला, असे सांगण्यात येते. काड्या वाळून आकसल्या म्हणजे गाठी सैल होतात आणि दोरा मोकळा होतो, एवढेच त्यातील इंगित. कोणी एखाद्या झाडाच्या सालीचा रस हातांना चोळून चुन्याच्या निवळीत हात धुवावयास लावतो आणि पाणी पिवळे झालेले दाखवितो. निरोगी माणसाने तसेच हात धुतले तरी पाणी पिवळेच होईल. हे जाणकार सारेच लबाड असतात असे मुळीच नाही. पुष्कळांची आपल्या विद्येवर मनापासून श्रद्धा असते, आणि बरे झालेले शेकडो रोगी ते प्रामाणिकपणे दाखवू शकतात. दोष आहे तो तुलनेच्या अभावाचा. औषध न घेतलेले तितकेच रोगी शेजारी बसवून मोजल्याखेरीज औषधाचा गुण कोणता आणि काळाचा गुण कोणता, हे कळत नाही. दरम्यान ज्या थोड्या रोग्यांची कावीळ पित्ताच्या खड्याने, अर्बुदाने अथवा चिवट विषाणूने झालेली असते, त्यांचे मोलाचे दिवस माळ लांबण्याची वाट पाहण्यात निघून जातात.

अशी तुलना एका भारतीय वनस्पतीच्या बाबतीत झाली, आणि तिची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. ती वनस्पती म्हणजे भुईआवळी. पावसाळ्यात परसात, बांधावर, देवळाच्या फरसबंदीच्या फटींतूनही ती उगवते. वीतभर उंचीचे रोप, आवळ्यासारखी बारीक पाने आणि पानांच्या दांडीखाली ओळीने लटकलेली मोहरीएवढी हिरवी फळे. वैद्य तिला भूम्यामलकी म्हणतात व काविळीत देतात.

हिपॅटायटिस बी हा विषाणू रक्तावाटे व मातेकडून अर्भकाकडे जातो, आणि पुष्कळांच्या शरीरात जन्मभर ठाण मांडून राहतो. अशा वाहकांपैकी कित्येकांना पुढे यकृताचा संकोच अथवा कर्करोग होतो. या विषाणूची पहिली खूण बरूच ब्लुमबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाने शोधली, आणि त्याबद्दल त्यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. याच ब्लुमबर्ग यांनी मद्रासच्या संशोधकांसमवेत भुईआवळीचा अभ्यास हाती घेतला. काचपात्रात तिचा अर्क विषाणूच्या वाढीस आवश्यक असलेल्या एका विकराला अडवितो, असे दिसले. अमेरिकेत वुडचक नावाचा बिळात राहणारा एक प्राणी आहे, त्याला याच कुळातील विषाणूचा रोग होतो; त्याच्यावरील प्रयोगही आशादायक ठरले. मग १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात मद्रासच्या रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. वनस्पती वाळवून केलेली पूड, २०० मिलिग्रॅमची एक मात्रा, दिवसातून तीन वेळा, ३० दिवस. औषध घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची ती खूण नाहीशी झाली. निरुपद्रवी पूड घेतलेल्या २३ जणांपैकी फक्त एकाच्या. म्हणजे एकीकडे ५९ टक्के, दुसरीकडे ४ टक्के!

जगभर आनंद झाला, आणि तो साहजिकच होता. दारात उगवणारे, पैसा न मागणारे रोप कोट्यवधी वाहकांना मुक्त करणार, यापेक्षा सुखद वार्ता कोणती? परंतु शास्त्राची रीत अशी की, एका ठिकाणी जे घडले ते दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या हातांनी घडले पाहिजे. थायलंडमध्ये त्याच पद्धतीने प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष १९९० मध्ये आला. गुण जवळजवळ शून्य. पुढे न्यूझीलंडमध्ये प्रयोग झाला, तेथेही पदरी काही पडले नाही. या अपयशाची मीमांसा अनेकांनी अनेक प्रकारे केली. वनस्पतीची माती निराळी, ऋतू निराळा, पोटजात निराळी, असे सांगण्यात आले. आणि यात थोडेफार तथ्य असावे, कारण भुईआवळी या एकाच नावाखाली बाजारात चार-पाच निरनिराळ्या जाती एकत्र मिसळून येतात. तथापि इतक्या वर्षांनंतरही मद्रासचे ते ५९ टक्के पुन्हा कोणाच्या हाती लागलेले नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. ब्लुमबर्ग यांचे स्थान याने उणे होत नाही. आवडत्या कल्पनेची कसोटी जगापुढे मांडणे आणि ती इतरांच्या हातून खोटी ठरण्याची जोखीम पत्करणे, हे काम फार थोडे लोक करतात.

हिपॅटायटिस बीपासून संरक्षण देणारी वस्तू शेवटी लसीच्या रूपाने आली. भारतात बनलेली या रोगाची पहिली जनुकसंयोगी लस १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या संस्थेने बाजारात आणली आणि परदेशी लसीची न परवडणारी किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. २०११ पासून ही लस देशभर बालकांच्या सार्वत्रिक लसीकरणात आहे. हैदराबादेतील मराठी कुटुंबांना आपल्या शहराविषयी अभिमान वाटावा अशा गोष्टींत चारमिनाराखालोखाल हिची गणना करावयास हरकत नाही.

कुटकीची कथा थोडक्यात सांगता येईल. हिमालयात तीन हजार मीटरांच्या वर उगवणाऱ्या या वनस्पतीचे मूळ इतके कडू की तिचे एक संस्कृत नावच ‘तिक्ता’ असे आहे. आरोग्यवर्धिनी या सुप्रसिद्ध कल्पात इतर सर्व द्रव्यांच्या एकत्रित वजनाइतकी एकटी कुटकी पडते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तिच्यातील गुणद्रव्यांचा ‘पिक्रोलिव्ह’ नावाचा प्रमाणित अर्क तयार केला. उंदरांना यकृतघातक विष देऊन मग हा अर्क दिला असता इजा कमी होते, असे वारंवार दिसले. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि माणसांवरील पुरावा अद्याप तोकडा आहे. शिवाय मागणी इतकी वाढली की डोंगर ओरबाडले गेले. आज कुटकीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

युरोपात कुटकीची जागा एका काटेरी झाडाने घेतली आहे. मिल्क थिसल हे त्याचे नाव. त्याच्या पानांवर दुधाचे ओघळ वाळावेत तशा पांढऱ्या रेघा असतात. ख्रिस्तमाता मेरी बाळाला पाजीत असता पानांवर दूध सांडले, अशी तेथील भाविकांची आख्यायिका आहे. त्याच्या बियांतील गुणद्रव्य सिलिमारिन हे १९६८ मध्ये जर्मनीत वेगळे करण्यात आले. व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये यकृतसंकोचाच्या १७० रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. चार वर्षांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी ५८ टक्के हयात होते, न घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के. पण पुढे स्पेनमध्ये मद्यपानाने यकृत बिघडलेल्या २०० रुग्णांवर तसाच प्रयोग झाला तेव्हा काहीही फरक आढळला नाही, आणि २०१२ मध्ये अमेरिकेत हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांना मोठ्या मात्रेत देऊनही यकृताचे आकडे सुधारले नाहीत. एका बाबतीत मात्र या झाडाने आपली जागा मिळविली आहे. युरोपच्या जंगलांत उगवणारे एक विषारी अळंबे चुकून खाल्ले गेले तर त्याचे विष यकृतपेशींत शिरते. सिलिमारिनमधील सिलिबिनिन हे द्रव्य शिरेतून दिले असता ते त्या विषाचा पेशींत जाण्याचा मार्ग अडविते. तेथील रुग्णालये ते आजही वापरतात. एका विषावर, एका दारावर, ठरावीक वेळी केलेला हा उपाय आहे. ‘यकृताचे टॉनिक’ या मोघम शब्दाशी त्याचा काही संबंध नाही.

आता हिरव्या चहाकडे वळावे. आरंभीच एक गोंधळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे चहात जी गवती चहाची पात टाकतात तिचा आणि हिरव्या चहाचा काही संबंध नाही. ते सुगंधी गवत आहे. हिरवा चहा आणि नेहमीचा काळा चहा ही एकाच झुडपाची पाने. खुडलेले पान चुरगळून ठेवले की त्यातील विकरे हवेच्या साह्याने त्याचा रंग व गुण पालटतात, आणि काळा चहा होतो. खुडताच वाफ देऊन अथवा कढईत तापवून ती विकरे निकामी केली की पान हिरवे राहते आणि त्यातील कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये शाबूत राहतात. हिमाचलाच्या कांगडा खोऱ्यात असा चहा पुष्कळ दिवसांपासून होत आला आहे. परंतु त्याची खरी उपासना झाली ती जपानात.

त्या उपासनेचा आद्य पुरुष एक संन्यासी होता. एइसाई हे त्याचे नाव. झेन पंथाचा हा भिक्षू चीनमध्ये अध्ययन करून ११९१ मध्ये परतला तो चहाच्या बिया घेऊन. त्याने चहा पिऊन आयुष्य कसे जोपासावे यावर १२११ मध्ये एक ग्रंथ लिहिला. जपानचा तरुण शोगुन सानेतोमो १२१४ मध्ये अति मद्यपानाने आजारी पडला असता एइसाईने त्याला चहा पाजला आणि ग्रंथही सादर केला. मद्याने शिणलेल्या देहाला चहा, म्हणजे यकृतरक्षणाचा हा पहिला प्रयोगच, असे कोणी म्हणेल. मौज अशी की एइसाईने स्वतः तसे म्हटलेले नाही. त्याच्या मते पाच अवयवांना पाच रस प्रिय. यकृताला आंबट, फुप्फुसाला तिखट आणि हृदयाला कडू. लोकांच्या आहारात कडू रस नाही म्हणून हृदय दुबळे होते, आणि चहा ती उणीव भरून काढतो. कडू रस आयुर्वेदाने यकृताकडे दिला, एइसाईने हृदयाकडे. मराठीतील काळजाचा घोळ जणू दोन देशांत विभागून राहिला होता.

चहातील तुरट द्रव्य शुद्ध रूपात वेगळे करण्याचे श्रेय मिचियो त्सुजिमुरा या विदुषीकडे जाते. स्त्रियांना विद्यापीठाची दारे जवळपास बंद असलेल्या काळात तिने विनावेतन प्रयोगशाळेत कामास आरंभ केला, १९२९ मध्ये हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळे काढले, आणि १९३२ मध्ये कृषिशास्त्रातील डॉक्टर ही पदवी मिळविणारी ती पहिली जपानी स्त्री ठरली. आज या द्रव्यांपैकी सर्वांत विपुल असलेले द्रव्य ‘ईजीसीजी’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते.

चहाचा यकृतास उपयोग होतो का? जपानच्या सैतामा प्रांतातील योशिमी गावच्या चाळिशीपुढील १,३७१ पुरुषांची पाहणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. जे अधिक चहा पीत, विशेषतः दिवसाला दहांहून अधिक पेले पीत, त्यांच्या रक्तात यकृताच्या इजेची निदर्शक द्रव्ये कमी होती. जपानी पेला आपल्या कपाहून लहान असतो, हे येथे सांगितले पाहिजे. परंतु पाहणी म्हणजे प्रयोग नव्हे. अधिक चहा पिणारा कदाचित मद्य कमी पीत असेल. कदाचित ज्याचे यकृत आधीच बिघडले त्याने चहा सोडला असेल. प्रयोगशाळेत ईजीसीजी पेशींना दाहापासून वाचविते, उंदरांच्या यकृतातील मेद कमी करते, हे सर्व खरे. पाण्यात उकळून अथवा भिजवून घेतलेला हिरवा चहा निरोगी माणसाच्या यकृतास बाधत नाही, आणि थोडा हितकरही असू शकेल, एवढे म्हणता येते. याहून अधिक म्हणणे हे सध्याच्या पुराव्याच्या पुढे धावणे होय.

आणि येथेच कथेला कलाटणी मिळते. चहा हितकर, चहातील ईजीसीजी हे त्याचे सत्त्व, तेव्हा सत्त्वच काढून गोळीत भरले तर हित दहापट होईल, असा व्यापारी हिशेब मांडला गेला. वजन उतरविण्यासाठी विकले जाणारे हिरव्या चहाच्या अर्काचे एक औषध, ते घेणाऱ्यांना यकृतदाह झाल्यामुळे, २००३ मध्ये फ्रान्स व स्पेन या देशांत बाजारातून काढून घ्यावे लागले. पुढे अमेरिकेतील मिनेसोटा येथे स्तनाच्या कर्करोगास प्रतिबंध होतो का हे पाहण्यासाठी १,०७५ प्रौढ स्त्रियांवर वर्षभर प्रयोग झाला. अर्ध्या स्त्रियांना रोज ८४३ मिलिग्रॅम ईजीसीजी असलेला अर्क दिला. त्यांच्यापैकी ५.१ टक्के स्त्रियांच्या यकृताच्या तपासणीत मध्यम अथवा तीव्र बिघाड दिसला. दुसऱ्या गटात ०.७ टक्के. अर्क थांबविल्यावर आकडे उतरले. ज्या द्रव्याला यकृताचे कवच म्हणून गौरविले गेले त्यानेच यकृताला घाव घातला!

असे का व्हावे? नुसत्या चहातून युरोपातील माणसाच्या पोटात दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी जाते, तेही दिवसभरात विभागून आणि पुष्कळ पाण्याबरोबर. गोळीतून ८०० मिलिग्रॅम एकदम येते. शिवाय उपाशीपोटी घेतल्यास ते रक्तात कितीतरी अधिक प्रमाणात शोषले जाते. युरोपच्या अन्नसुरक्षा मंडळाने २०१८ मध्ये ८०० मिलिग्रॅमपासून पुढे यकृताच्या इजेची चिन्हे वाढतात असा निर्वाळा दिला, आणि २०२२ मध्ये युरोपीय संघाने दिवसाची मात्रा त्याखालीच असावी व उपाशीपोटी घेऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापावी, असा नियम केला. एकादशीचे अथवा अन्य व्रताचे उपोषण करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. उपवासाच्या दिवशी घेतलेला कपभर चहा निराळा, आणि रिकाम्या पोटी गिळलेली अर्काची गोळी निराळी.

सर्वांनाच ही इजा होत नाही, हेही नोंदविले पाहिजे. अमेरिकेतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये असे दाखविले की, हिरव्या चहाच्या अर्काने यकृत बिघडलेल्या रुग्णांपैकी ७२ टक्क्यांच्या रक्तात ‘एचएलए-बी ३५:०१’ नावाची एक आनुवंशिक खूण होती; सर्वसामान्य लोकांत ती याच्या पाचवा-सहावा हिस्साच आढळते. म्हणजे तीच गोळी एकाला पचते आणि त्याच घरातील दुसऱ्याला पेलत नाही. शेजाऱ्याला गुण आला, हा पुरावा आपल्या देहाला लागू पडेलच असे नाही, याचे असे ढळढळीत उदाहरण क्वचितच मिळेल.

हळदीचे नेमके असेच झाले आहे. मठाच्या भोजनशाळेतील वरणात पडणारी हळद पिढ्यान्पिढ्या निरुपद्रवी ठरलेली आहे. हळदीत करक्युमिन असते ते शंभरांत तीन भागांच्या आसपास, आणि त्यातील फारच थोडे रक्तात पोचते. बंगलोरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले की, मिरीतील पिपेरिन सोबत दिले तर करक्युमिनचे शोषण सुमारे वीसपट वाढते. हा शोध सुंदर होता. व्यापाऱ्यांनी तो उचलला आणि मिरीच्या सत्त्वासह हळदीच्या सत्त्वाच्या गोळ्या बाजारात आणल्या. मग अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांनी यकृत दुखावलेल्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांपैकी पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला, आणि सात जणांत तीच आनुवंशिक खूण सापडली. इटलीच्या आरोग्य खात्याने २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांवर ‘यकृतास हितकर’ असे लिहिण्यास मनाई केली आणि उलट सावधानतेची सूचना छापावयास लावली. निसर्गाने हळद शोषली जाऊ नये अशी जी योजना केली होती ती कदाचित दोष नसून संरक्षणच असेल. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे.

गुळवेलीचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तो आपल्या घरचा आहे. २०२० च्या महामारीत रोगप्रतिकारशक्ती वाढावी म्हणून असंख्य घरांतून गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी असा काढा घेतल्यावर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पुढे देशातील अनेक केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद झाली. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही, गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असे त्याचे म्हणणे. हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. भुईआवळीच्या बाबतीत तो घोटाळा झालेला आपण पाहिलाच. परंतु याच आक्षेपातून एक गोष्ट निघते. जाणत्या माणसांचीही गल्लत होण्याइतक्या दोन वेली सारख्या असतील, तर कुंपणावरून तोडून आणलेली वेल कोणती आहे, हे घरातील वडीलधारी मंडळी कशावरून ठरविणार? शिवाय ज्यांच्या शरीरात प्रतिकारशक्तीच स्वतःच्या यकृतावर उलटण्याची प्रवृत्ती असते, त्यांच्या बाबतीत ती शक्ती आणखी चेतविणे उपकारक ठरेल, असे मानावयास आधार नाही.

अशा प्रसंगी वैद्याच्या अथवा डॉक्टरच्या पुढे एक अडचण नेहमी उभी राहते. कोणती औषधे चालू आहेत, असे विचारले की रुग्ण रक्तदाबाची गोळी सांगतो, मधुमेहाची सांगतो. चूर्ण, काढा, अर्काची डबी यांचा उल्लेख करीत नाही. त्याच्या मनात ती औषधे नसतातच, ती ‘घरची’ असतात. यकृताचा दाह अशा वेळी कशाने झाला हे शोधण्यात आठवडे जातात, आणि तोपर्यंत डबीतील गोळी सकाळ-संध्याकाळ चालूच राहते. डोळे पिवळे झाले, लघवी गर्द झाली, अन्नावरची वासना गेली, अंगाला विनाकारण खाज सुटली, तर सर्व चूर्णे व अर्क त्याच दिवशी थांबवावेत, आणि डबी, पुडी, वेलीचा तुकडा, जे असेल ते पिशवीत घालून तपासणीला बरोबर न्यावे. त्या डबीवरील बारीक अक्षरांतील मजकूर पुष्कळदा रुग्णाच्या तोंडच्या हकिगतीहून अधिक बोलतो.